नऊ, बारा की पंधरा? घरी ओतलेल्या बुलेटच्या शिशाचा कडकपणा

टेक्सासमधल्या एका मराठी नेमबाजाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: टायरच्या दुकानातून चाळीस पौंड जुनी व्हील वेट्स (चाकाचा तोल साधायला लावतात ती शिशाची वजनं) मिळाली, ती वितळवून .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासाठी बुलेट ओतल्या, कडकपणा मोजायला टेस्टर घेतला. ओतल्या त्याच संध्याकाळी ब्रिनेल आकडा आला ९. दोन आठवड्यांनी त्याच डब्यातली बुलेट मोजली तर १२. साच्यातून थेट पाण्याच्या बादलीत पाडलेल्या काही बुलेट होत्या, त्यांचा दुसऱ्या दिवशी १५. शिसं तेच, साचा तोच. मग टेस्टर बिघडलाय का? यातला खरा आकडा कोणता? आणि रिव्हॉल्व्हरच्या नळीत (बॅरलमध्ये) शिसं धरतंय, तर लायनोटाइप (छपाईचा जुना, कडक शिशाचा धातू) घालून बुलेट अजून कडक करू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पैसे तिथे जाणार आहेत: नका करू, निदान आत्ता तरी. टेस्टर बहुतेक धडधाकट आहे. आणि तिन्ही आकडे खरे आहेत. शिशाला कडकपणाचा एकच आकडा नसतो. कधी ओतलं, कसं थंड केलं आणि मोजताना किती वेळ दाबून धरलं, यावर तो ठरतो. लोखंड मोजताना घड्याळ घरी विसरलं तरी चालतं, शिसं मोजताना नाही.

मी पुण्यात धातुशास्त्र शिकलो, पुढे ओहायोत फाउंड्रीच्या लॅबमध्ये नोकरी केली, आणि गॅरेजमध्ये शिसं ओतायला लागून आता वीसेक वर्षं झाली. नोकरीतलं ज्ञान गॅरेजमध्ये आपोआप येत नाही हेही तिथेच कळलं, तो किस्सा पुढे सांगतो. पण आधी एक गोष्ट स्पष्ट असू दे. हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. इथे स्वतःच्या वापरापुरत्या बुलेट ओतायला आणि काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही; विकायची असतील तर लागतो. राज्यांचे नियम वेगळे असतात: कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची बुलेट वापरताच येत नाही. भारतात तर शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा साताऱ्याच्या कुणी भाच्याने हे वाचून मूस पेटवू नये.

शब्दांचाही एक गोंधळ आधीच टाळतो. टेस्टरमध्ये पोलादाची बारीक गोळी असते. तिला मी ‘छर्रा’ म्हणणार आहे, सायकलच्या बेअरिंगमध्ये असतो तोच. ओतायची ती ‘बुलेट’. नाहीतर गोळीने गोळीत खड्डा पाडला, असं लिहायची वेळ येईल.

मूळ कल्पना सोपी आहे. स्वीडनच्या योहान आउगुस्ट ब्रिनेल यांनी ती १९०० साली मांडली. कडक छर्रा ठरावीक वजनाने धातूवर दाबायचा आणि उमटलेल्या ठशाचा व्यास मोजायचा. वजनाला ठशाच्या वाटीच्या क्षेत्रफळाने भागलं की ब्रिनेल आकडा. म्हणजे तो चौरस मिलिमीटरला किती किलोचा भार, एवढंच सांगतो. पोलादासाठी १० मिलिमीटरचा छर्रा आणि ३००० किलो भार लावतात. शिशावर तेवढा लावला तर छर्रा शोधायला लागेल. शुद्ध शिशाचा आकडा साधारण ५. क्लिपने बसवायच्या व्हील वेट्सचा, हवेत थंड केल्यावर, ११ ते १२. नव्वद टक्के शिसं, पाच कथील, पाच अँटिमनी (शिशाला कडक करणारा धातू) असं लायमन नंबर दोन नावाचं मिश्रण १५ च्या आसपास. आणि लायनोटाइप, ज्यात बारा टक्के अँटिमनी आणि चार टक्के कथील असतं, ते २२.

लायनोटाइप म्हटलं की मला वडील आठवतात. ते पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळे हाताने जुळवायचे, म्हणजे लायनोटाइप मशीन नव्हे, पण धातूचं घराणं एकच: शिसं, कथील, अँटिमनी. खिळ्याची कड झिजू नये म्हणून अँटिमनी, आणि घट्ट होताना धातू आकसून अक्षर बोथट होऊ नये म्हणूनही तीच, कारण अँटिमनी गोठताना आकसत नाही, किंचित फुगते. घरात पडलेले तुटके खिळे मी लहानपणी दाराच्या फटीत अडकवायचो. आज इथे लोक त्या धातूसाठी लिलावात बोली लावतात. तुमच्याकडे लायनोटाइप असेल तर ते मीठ आहे असं समजा, भाजी नव्हे.

आता घड्याळाचा मुद्दा, कारण तुमच्या ९ आणि १२ चं कोडं तिथेच सुटतं. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. केल्विनमध्ये मोजलं तर ६००. आपली बसायची खोली २९८ केल्विन. म्हणजे टेबलावर शांत पडलेलं शिसं त्याच्या वितळण्याच्या निम्म्या वाटेवर उभं असतं. लोखंडाला तशा अवस्थेत न्यायचं तर सहाशे अंशांच्या वर भट्टीत तापवावं लागेल. तेव्हा खोलीतलं शिसं हे थंड लोखंडासारखं नसतं, लालसर तापलेल्या लोखंडासारखं असतं. त्याच्या आत हालचाल चालूच असते. दाबलं की ते सावकाश सरकत राहतं आणि नुसतं ठेवलं तरी आतून बदलत राहतं.

व्हील वेटच्या शिशात थोडी अँटिमनी असते आणि आर्सेनिकचा अंश असतो. ओतताना ही अँटिमनी शिशात विरघळलेली असते. थंड झाल्यावर तेवढी मावत नाही, म्हणून ती हळूहळू अतिबारीक कणांच्या रूपात बाहेर पडू लागते, आणि ते कण शिशाचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. आर्सेनिक या कामाला जोर देतं. माझ्या साच्यातून निघालेली व्हील वेटची बुलेट पहिल्या संध्याकाळी ८-९ दाखवते, दोन ते तीन आठवड्यांत ११-१२ वर येऊन टेकते. पाण्यात पाडली की अँटिमनीला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ती आत कोंडली जाते, आणि मग पुढच्या काही दिवसांत जास्त बारीक कण जास्त संख्येने तयार होतात. म्हणून ती जास्त कडक. तुमची १५ ची बुलेट अजून वर जाईल. आणखी दोन आठवड्यांनी १८-२० दिसले तर दचकू नका.

हे ज्या शिशात अँटिमनी आहे त्यालाच लागू. नुसत्या शिसं-कथलाच्या मिश्रणाला पाण्यात पाडून काही मिळत नाही; ते वयाने उलट किंचित मऊ पडतं. कुणी तुम्हाला ‘पाण्यात पाडलं की कडक होतंच’ असं सांगितलं तर आधी विचारा, कुठलं शिसं?

आता तो कबूल केलेला किस्सा. सुरुवातीच्या वर्षी मी पन्नास पौंडांचा घाणा केला, त्याच रात्री मोजला, आकडा आला ८. लॅबमध्ये रोज हार्डनेस काढणारा माणूस मी. आकडा आला म्हणजे आला. कमी वाटलं म्हणून जमवून ठेवलेलं लायनोटाइप सात-आठ पौंड घातलं. परत मोजलं, १२. खूश. बायकोला म्हणालो, बघ, शास्त्र म्हणतात ते हे. महिन्याने नेमबाजीला गेलो तर नळीत शिशाच्या पापुद्र्या. घरी येऊन मोजलं तर १६. वेळ दिला असता तर तो घाणा काही न घालता १२ वर आपणहून आला असता. सगळं लायनोटाइप वाया, आणि बुलेट माझ्या हलक्या भरण्याला (म्हणजे कमी दारूच्या काडतुसांना) नको इतक्या कडक. तेव्हापासून प्रत्येक डब्यावर मी ओतल्याची तारीख लिहितो. हवेत थंड केलं तर ‘ह’, पाण्यात पाडलं तर ‘पा’.

टेस्टर वापरायची पद्धत आता जरा जवळून पाहू, कारण उरलेला फरक हातातून येतो. तुमच्याकडचा ली कंपनीचा दिसतोय, तसं धरून लिहितो. त्यात ५/३२ इंचाचा छर्रा आहे. आतली स्प्रिंग ६० पौंडांचा भार देते. मधली दांडी वरच्या कडेशी समपातळीत आली की भार बरोबर लागला. तो भार ३० सेकंद धरायचा. ‘साधारण अर्धा मिनिट’ नव्हे, घड्याळात बघून. दहाव्या सेकंदाला हात सोडलात तर शिसं अजून सरकत असतं, ठसा लहान राहतो आणि आकडा खोटा वाढतो. दांडी पातळीच्या वर-खाली झुलू देऊ नका. मी टेस्टर बसवलेल्या प्रेसच्या (काडतुसं भरायच्या यंत्राच्या) दांड्यावर कोपर टेकवून उभा राहतो आणि मनात आकडे म्हणत नाही, कारण घाईत माझी तीस सेकंदं वीस होतात.

त्याआधी बुलेटच्या अंगावर कानशीने छोटा सपाट भाग करा. हलक्या हाताने, दोन-तीन घासांत, ठशाच्या दुप्पट रुंद होईल इतका. शिसं रगडलं की त्याचा कडकपणा बदलतो. पोलाद ठोकल्यावर कडक होतं, हे अँटिमनीवालं शिसं उलट मऊ पडतं. म्हणूनच साइझिंग डायमधून (बुलेट नेमक्या जाडीची करणाऱ्या साच्यातून) दाबून काढलेल्या बुलेटची कातडी आतल्यापेक्षा मऊ असते. पाण्यात पाडलेल्या बुलेट साइझ करायच्या असतील तर त्याच दिवशी करा, कडक होऊन बसल्यावर नको. ठसा कडेच्या फार जवळ पडला तर शिसं बाजूला ढळतं आणि आकडा कमी येतो. असा ठसा मोजू नका, दुसरा पाडा.

ठसा वाचणं हा खरा डोकेदुखीचा भाग आहे. सोबत येणारा वीसपट दाखवणारा सूक्ष्मदर्शक हातात धरून कुणालाही स्थिर वाचता येत नाही, माझं तर वयही झालं. लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडून त्यात तो बसवा आणि बुलेट मातीच्या गोळ्यात रोवा. उजेड वरून नको, बाजूने आडवा हवा, म्हणजे कडेची सावली पडते. ठसा पाडण्याआधी सपाट भागावर काळं मार्कर फिरवा. छर्रा काळेपणा सारून चकचकीत वाटी करतो आणि तिची कड रेघेसारखी दिसते. एकदा मार्कर सापडेना म्हणून निरांजनाचं काजळ लावलं, ते मार्करपेक्षा सरस निघालं. ठसा दोन दिशांनी मोजून सरासरी घ्या आणि एका घाण्यातल्या किमान तीन बुलेट मोजा.

पट्टीवरची प्रत्येक रेघ इंचाच्या दोन हजारांशाची. आता गणित बघा. ठसा ०.०६६ इंच असेल तर आकडा ११.८. एक रेघ पुढे, ०.०६८, तर ११. म्हणजे एका रेघेत पाऊण अंकाचा फरक. कडक टोकाला हीच चूक महाग पडते: ०.०५० ला २०.९, ०.०५२ ला १९.३. तिथे डोळ्याची एक रेघ म्हणजे दीड अंक. तेव्हा ‘माझं शिसं ११.८ आहे’ असं कुणी दशांशात सांगितलं तर मान डोलवा आणि मनात ‘अकरा ते बारा’ लिहा. दोन टेस्टरचे आकडे आपसात जुळले नाहीत म्हणून भांडणंही नकोत. सेको नावाच्या कंपनीच्या टेस्टरची तर मोजपट्टीच वेगळी आहे, त्यात शुद्ध शिसं शून्य आणि लायनोटाइप दहा. तो आकडा ब्रिनेल समजून वाचला की घोळ होतो.

टेस्टर नसेल तर? मला विचाराल तर त्यापेक्षा भरवशाची पद्धत फुकटात आहे, आणि टेस्टर असला तरी ती करून बघा. ज्याचा आकडा पक्का माहीत आहे असा शिशाचा तुकडा हवा. शुद्ध शिसं सगळ्यात सोपं, ते ५ धरायचं. छपराच्या सांध्यांना लावतात ते पत्र्याचं शिसं किंवा एक्स-रे खोलीच्या भिंतीतलं शिसं बहुतेक शुद्ध असतं. त्याचा एक चपटा तुकडा आणि तुमच्या अनोळखी शिशाचा तसाच तुकडा, मध्ये ३/८ इंचाचा छर्रा, आणि तिन्ही व्हाइसमध्ये सँडविचसारखे धरून आवळायचे. भार किती लागला हे मोजायची गरजच नाही. दोघांवर एकच भार, एकाच वेळी, तेवढाच वेळ पडतो. वरची सगळी घड्याळाची कटकट इथे दोन्ही बाजूंना सारखी होऊन कटून जाते. मला ही युक्ती म्हणूनच आवडते.

मग दोन्ही ठशांचे व्यास व्हर्नियरने घ्या. माहीत असलेल्याचा व्यास भागिले अनोळखीचा व्यास, त्याचा वर्ग, गुणिले माहीत असलेला आकडा. माझ्या वहीतलं एक उदाहरण: शुद्ध शिशावर ४.६ मिलिमीटर, अनोळखीवर ३. भागाकार १.५३, वर्ग २.३५, गुणिले ५, म्हणजे बाराच्या थोडं खाली. वाटीचं क्षेत्रफळ काटेकोर काढलं तर बाराच्या थोडं वर येतं. आपल्या कामाला दोन्ही बाराच. फक्त फार आवळू नका: मोठा ठसा छर्र्याच्या व्यासाच्या निम्म्यापर्यंत ठेवा, त्यापुढे हा सोपा हिशेब हातचा सुटतो. कडक शिशासाठी संदर्भाचा तुकडाही कडक घ्या, लायनोटाइपची एखादी मूळ ओळ मिळाली तर उत्तम. मी अशा तुकड्यांचा एक डबाच ठेवलाय, पूर्वी त्यात चितळेंची बाकरवडी होती.

पेन्सिलींची पद्धतही चांगली आहे, फक्त ती लोक चुकीची करतात. चित्रकलेच्या ६बी पासून एच पर्यंतच्या पेन्सिलींचा एकाच कंपनीचा संच घ्या, कंपन्यांची प्रतवारी आपसात जुळत नाही. टोक काढायचं नाही. लाकूड सोलून कांडी मोकळी करायची आणि तिचं तोंड पॉलिश पेपरवर काटकोनात घासून सपाट करायचं, कड धारदार हवी. पंचेचाळीस अंशांत धरून पुढे ढकला. मऊ पेन्सिल शिशावरून घसरते, खूण सोडते. चढत चढत जी पहिली पेन्सिल शिशात रुतून टवका काढते, ती नोंदवा. माझ्या संचात शुद्ध शिसं अगदी मऊ टोकाला, व्हील वेट २बी-बी च्या भागात, लायनोटाइप एच कडे. तुमच्या संचाची शिडी तुम्हीच, माहीत असलेल्या तुकड्यांवर बांधायची. (आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो आणि तिच्यात शिसं औषधालाही नसतं. तिने शिसं मोजायचं, यात मला अजूनही मजा वाटते.)

नखाने ओरखडा काढणं आणि फरशीवर टाकून आवाज ऐकणं यांनी शुद्ध शिसं आणि कडक शिसं एवढंच वेगळं करता येतं. भंगाराच्या ढिगाशी उभं असताना कामाचं, घरी नाही.

आकडा काय सांगत नाही तेही सांगितलं पाहिजे. १२ म्हणजे कोणतं मिश्रण, हे त्यातून कळत नाही. कथलाने आलेला ११-१२ चिवट असतो, एल्मर कीथ हे अमेरिकन नेमबाज-लेखक .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसासाठी सोळा भाग शिशाला एक भाग कथील वापरायचे, तो हाच टप्पा. अँटिमनीने आलेला १२ त्याच्यापेक्षा ठिसूळ. कागदावर छिद्र पाडायला फरक पडत नाही, शिकारीला पडतो. अंदाजासाठी दुसरा साक्षीदार घ्या: वजन. कथील आणि अँटिमनी दोन्ही शिशाहून हलकी, म्हणून त्याच साच्यातून मिश्र शिशाची बुलेट शुद्ध शिशापेक्षा हलकी पडते. तराजू आणि टेस्टर एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर विश्वास ठेवा. आणि जस्त! हल्ली व्हील वेटांत जस्ताची आणि लोखंडाचीही असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं. शिसं गाळताना भांडं ३६०-३७० च्या वर जाऊ दिलं नाही तर ते तरंगत राहतं आणि झाऱ्याने काढता येतं. एकदा वितळून मिसळलं की ओतकाम दलियासारखं गचगचीत होतं आणि आकडा विनाकारण चढतो. संशयाच्या वेटवर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, जस्त फसफसतं, शिसं ढिम्म. चिकटपट्टीने लावायची वेट्स मात्र जवळजवळ शुद्ध शिशाची असतात, ती वेगळ्या डब्यात. क्लिपवाल्यांत मिसळलीत तर तुमचा ‘व्हील वेट म्हणजे १२’ हा हिशेब घसरतो.

आता नळीकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न टेस्टर नसून तोच आहे. ‘नळीत शिसं धरतंय, म्हणजे बुलेट मऊ आहे’ हा समज फार पसरलाय. कधी खरं असतं, पण .३८ स्पेशलसारख्या सौम्य काडतुसात बहुतेक वेळा उलट. बुलेटच्या बुडावर दाब आला की मऊ शिसं किंचित फुगतं आणि नळी बंद करतं. कडक बुलेट फुगत नाही, तिच्या कडेने तापलेला वायू निसटतो आणि शिसं कापत नळीवर फासत जातो. यासाठी एक ठोकताळा चालतो: ब्रिनेल आकडा गुणिले १४२२ म्हणजे बुलेट बसकण घेऊ लागते तो दाब, पौंड दर चौरस इंचात. जादू काही नाही, चौरस मिलिमीटरला एक किलो म्हणजे चौरस इंचाला १४२२ पौंड, एवढं एककांचं रूपांतर आहे. .३८ स्पेशलचा कमाल दाब १७,००० पौंड. भागून बघा: १२. म्हणजे तुमच्या साध्या, हवेत थंड केलेल्या बुलेट आधीच या काडतुसाच्या वरच्या टोकाला बसतात, आणि हलक्या भरण्याला ९ सुद्धा चाललं असतं. लायनोटाइप कशासाठी? .३५७ मॅग्नमचा दाब ३५,०००, तिथे हा विचार वेगळा. हा ठोकताळा दगडावरची रेघ नाही. मी त्याने फक्त ‘आपण कुठल्या गावात आहोत’ एवढं बघतो.

कडकपणाच्या आधी माप बघा. रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामं आहे हे दोनदा तपासून, नळीला तेलाचा हात देऊन शुद्ध शिशाची एक गोळी लाकडी दांड्याने हळू ढकलत नळीतून काढा आणि नळीच्या खाचांनी तिच्यावर उमटलेल्या उंचवट्यांवर मायक्रोमीटर लावा. .३८ ला बहुधा ०.३५७ च्या आसपास मिळेल. बुलेट त्याहून एक ते दोन हजारांश इंचाने जाड हवी. मग सिलिंडरची तोंडं मोजा. ती नळीपेक्षा अरुंद असतील तर नळीत शिरण्याआधीच बुलेट चेपली जाते, आणि मग तुम्ही ५ ओता नाहीतर २२, शिसं धरणारच. शिसं कुठे धरलंय तेही पाहा. नळीच्या सुरुवातीलाच असेल तर मापाचा संशय, तोंडाकडे वाढत जात असेल तर बुलेटला लावलेलं वंगण कमी पडतंय.

सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकीच्या तुम्ही वाचल्या असतीलच. पाण्यात पाडायची बादली भांड्यापासून लांब आणि खालच्या पातळीवर ठेवा. ओली बुलेट किंवा घामाचा थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला की वाफ होऊन सगळं भांडं अंगावर उडतं. आणि शिसं नाकापेक्षा हातातून पोटात जास्त जातं. मळी काढताना उडणारी धूळ, कानशीचा कीस, मार्कर लावलेली बोटं, आणि मग चहा-बिस्किटं. मी गॅरेजमध्ये खात-पीत नाही, बूट बाहेर काढतो आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेतो. घरात लहान मूल असेल तर हे कपडे वेगळे धुवा. गाडीच्या बॅटरीतल्या प्लेटा मात्र कधीही वितळवू नका, त्यातून निघणारे वायू जीवघेणे असतात.

तर तुमच्यासाठी, ह्या चाळीस पौंडांपुरतं: काही घालू नका आणि काही वितळवू नका. पाण्यातल्या बुलेट वेगळ्या डब्यात, तारीख लिहून. त्या .३८ साठी नकोतच, पुढे मॅग्नम घेतलीत तर कामाला येतील. हवेतल्या बुलेटमधल्या तीन, ओतल्यापासून तीन आठवड्यांनी, ३० सेकंद धरून मोजा. तोपर्यंत नळी आणि सिलिंडर मोजून ठेवा. आकडा ११ ते १३ आला आणि माप जुळत असेल तर वंगण बदलून बघा. माप जुळत नसेल तर साइझिंग डाय एक हजारांशाने मोठी घ्या. दोन्ही करूनही शिसं धरलंच, तर निम्मं व्हील वेट आणि निम्मं शुद्ध शिसं मिसळून एक छोटा घाणा करा, साधारण ८-९ येईल, फार तर दोन टक्के कथील घाला म्हणजे साचा नीट भरेल. तो मऊ घाणा स्वच्छ चालला तर मला कळवा, आणि आकड्यासोबत ओतल्याची तारीखही लिहा.